सात नंबरच्या बसमधल्या मावशी

शाळेची सात नंबरची बस मी चालवतो आणि त्यातली मुलं मावशी सांभाळतात. बावीस वर्षं त्या दाराजवळच्या आडव्या सीटवर बसतायत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण तिथं बघायची वेळ कधी आली नाही. मुलांच्या त्या मावशी, मुलांच्या आयांच्या मावशी, आणि माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठ्या असल्या तरी माझ्याही मावशीच.

मावशींची मोजणी सरसकट नव्हती, थांब्याथांब्यानं होती. टाकीजवळचे सहा, दवाखान्याचे नऊ, बेकरीच्या चौघी, पुलापलीकडचे बारा. प्रत्येकाच्या डोक्याला बोट लावत त्या मागपर्यंत जायच्या आणि परत येऊन म्हणायच्या, "चला दादा." एकूण किती, असं विचारलं तर त्यांना थांबून बेरीज करावी लागे. पण बावीस वर्षांत एक पोर इकडचं तिकडे झालं नाही.

मग बसमध्ये मशीन आलं. दाराशी कार्ड टेकवायची डबी, त्यावर कॅमेरा, माझ्यासमोर एक स्क्रीन आणि सगळ्यात मागच्या सीटपाशी लाल बटण. फेरी संपली की मी मागपर्यंत चालत जाऊन ते दाबायचं, नाही दाबलं तर हॉर्न बोंबलतो. कोणी झोपलेलं राहू नये म्हणून. कल्पना चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण पहिल्या आठवड्यात मी तीनदा विसरलो आणि तीनदा सगळा डेपो माझ्याकडे बघत राहिला.

मुलानं कार्ड टेकवलं की घरी आईच्या फोनवर निरोप जातो: बसमध्ये बसला. बस कुठल्या वळणावर आहे तेही तिला दिसतं. ऑफिसातल्या मॅडमनी आम्हाला खुर्च्यांवर बसवून हे सगळं समजावलं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही निर्धास्त राहा. आता सिस्टीम सगळं बघते." मावशींनी हे वाक्य जसंच्या तसं मनात ठेवलं.

गोंधळ झाला तो कार्डांचा. पोरं कार्डं विसरायची, चावायची, एकानं तर गुडघ्यावरची खपली काढायला वापरलं. कार्ड नाही म्हणजे निरोप नाही, निरोप नाही की आईचा ऑफिसला फोन, आणि ऑफिसचा फोन मावशींना. रोज सकाळी बोलणी खाऊन त्या रडकुंडीला आल्या. मग त्यांनी सगळ्यांची कार्डं स्वतःकडेच घेतली. कमरेच्या पिशवीत चार गठ्ठे, चार रंगांच्या दोऱ्यांत ओवलेले. दुपारी शाळा सुटली की मुलांची रांग उन्हात उभी राहू नये म्हणून त्या आधीच एकतीसच्या एकतीस कार्डं टेकवून मोकळ्या व्हायच्या. मग मुलं चढायची.

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच. पण मावशींच्या हिशेबी कार्ड टेकवणं म्हणजे मशीनला नुसती वर्दी देणं. बघतंय तर ते आहेच, वर कॅमेरा आहे, त्याच्याही वर उपग्रह आहे. खरं सांगायचं तर मीही तसंच धरून चाललो होतो. अर्धी हळकुंडं आम्ही दोघं, आणि पिवळे मात्र पूर्ण झालो होतो. त्यात महिनाअखेर मॅडमनी सांगितलं की सात नंबरच्या बसचं रेकॉर्ड सगळ्यांत चांगलं आहे, एकही चूक नाही.

कार्डं अजून मुलांकडेच होती तेव्हा एकदा मावशींनी बस अर्धा तास थांबवून ठेवली होती. बेकरीच्या चौघींतली सगळ्यात धाकटी दिसेना. पहिलीतली पोर, दिवसभर प्रश्न विचारून जीव खाते म्हणून आम्ही तिला प्रश्नपत्रिका म्हणतो. चौकशी केल्यावर कळलं, तिला मामा घेऊन गेला होता आणि तसं सिस्टीमवर लिहिलेलं होतं. तीस घरांतून तक्रारी आल्या. मॅडम मावशींना म्हणाल्या, "बोटांवर नका जाऊ, स्क्रीन बघत जा."

त्या मंगळवारी मावशी मोजून परत आल्या आणि "चला" म्हणाल्याच नाहीत.

"दादा, बेकरीच्या तिघीच आहेत."

मी स्क्रीन बघितला. एकतीस, हिरवा. "सगळे आहेत, मावशी."

"ती छोटी दिसत नाही."

"मशीन एकतीस म्हणतंय. आणि नसेल तर मामा घेऊन गेला असेल."

एका दमात मी दोन्ही बोललो. ती बसमध्ये आहे आणि ती मामाकडे आहे. दोन्ही एकदम खरं कसं असेल हे मला सुचलं नाही. मावशींनी माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा मागे गेल्या. तोवर पोरं जागा बदलू लागली होती. परत आल्या तेव्हा त्या गोंधळलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. "मलाच दिसत नसेल," त्या म्हणाल्या. मागच्या बसवाल्यानं हॉर्न दिला. मी निघालो.

बेकरीपाशी तिघी उतरल्या. चौथीची आई दाराशी उभीच राहिली. "आमची?"

आईनं फोन पुढे केला. "हे बघा ना, बसमध्ये बसली लिहिलंय." मग ती आत चढली आणि वाकून सीटखाली बघू लागली. मीही बघितलं. पुलापलीकडच्या पोरांनीही बघितलं. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "ती बसमध्येच आहे, माझ्यासमोर दिसतंय. नीट शोधा." आणि खरं सांगतो, मी परत एकदा मागच्या सीटपर्यंत जाऊन शोधलं. पोर नाही हे डोळ्यांना दिसत होतं, तरी शोधलं.

मावशीच शेवटी म्हणाल्या, "बसमध्ये नाही ती. मी तिला घेतलंच नाही. कार्ड माझ्या हातानं टेकवलंय."

आईला खाली उतरा म्हणायची माझी छाती झाली नाही. तिच्यासकट आणि बारा पोरांसकट मी बस वळवली. स्क्रीन लाल झाला आणि 'मार्ग चुकला, मार्ग चुकला' असं बोलू लागला. तो आवाज बंद कसा करायचा हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. रस्ताभर तो ओरडत राहिला आणि मावशी मांडीवर कार्डांचा गठ्ठा धरून एकच कार्ड उलटंसुलटं करत राहिल्या. रस्त्यालगत प्रत्येक गणवेशातली पोर मला तीच वाटत होती.

शाळेच्या फाटकाशी, आमची बस लागते त्याच जागी, ती दप्तरावर बसली होती. शेजारी वॉचमन. ती पाणी प्यायला गेली आणि बस निघून गेली, एवढीच गोष्ट. वॉचमन कावराबावरा होऊन म्हणाला, "माझ्या यादीत ही केव्हाच गेलेली. गेलेली पोर इथं बसलीय म्हणून कोणाला कळवायचं, तेच कळेना."

आईनं तिला उचललं आणि रडली. मुलगी रडली नाही. आईच्या खांद्यावरून तिनं मावशींकडे बघितलं.

"मावशी, आज तू मला मोजलं नाहीस?"

"मोजलं होतं गं. तू कमी होतीस."

"मग का गेलीस?"

उत्तर माझ्याकडे होतं, म्हणून मी स्टिअरिंग सोडून खाली उतरलो. "मी निघालो, बाळा. मावशी थांब म्हणत होत्या. मीच म्हणालो, सगळे आहेत."

तिनं थोडा विचार केला.

"काका, तुम्ही मोजले होते?"

"नाही," मी म्हणालो.