दारावरच्या पाटीवरचं नाव

मित्रांनो, माझा दादा गेल्या वर्षी कॅन्सरने गेला. आज द्वारकेत वहिनीकडे जाऊन त्याच्या कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पुतणीला डिझाइन शिकायचंय म्हणून.

जुन्या-नव्यातला फरक बघायला दादाची शेवटची फाइल उघडली. नागपूरला बांधायच्या घराचं थ्रीडी मॉडेल त्याने आजारपणात केलं होतं. जुन्या कार्डावर ते अडखळत फिरायचं, बारीक अक्षरं पुसट दिसायची. नव्यावर सगळं लख्ख दिसलं, अगदी दारावरची पाटीसुद्धा.

पाटीवर फक्त वहिनीचं नाव होतं.

वहिनी बघतच राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, ह्यांना कळलं होतं का हो? मी तर शेवटपर्यंत म्हणत होते, बिल्कुल बरे व्हाल."

मित्रांनो, तुम्ही काय सांगितलं असतं?