सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत

“हरकत नाही, पण मुद्दा आहे.”

उजव्या हाताची दोन बोटं वर, डाव्या हातानं नाकावरचा चष्मा वर, आणि मग हे वाक्य. आमच्या साहेबांना ज्यांनी फक्त विधानसभेत पाहिलं, त्यांना वाटे ही आमदारकीची लकब असावी. मी त्यांना घरात, गाडीत, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा पाहिलंय. तिथंही हेच. आमटीत मीठ जास्त झालं तर वहिनींना म्हणत, “हरकत नाही, पण मुद्दा आहे. मीठ आज दोनदा सादर झालंय.” वहिनी म्हणत, “बहुमतानं मंजूर करा आणि जेवा.”

मी सोळा वर्षं त्यांचा स्वीय सहायक होतो. त्याआधी कचेरीबाहेर लिंबाखाली टाइपरायटर घेऊन अर्ज बडवत असे. एकदा त्यांनी माझ्याकडून एक पत्र टाइप करून घेतलं आणि तिथंच उभं राहून वाचलं. मग विचारलं, “नियमाप्रमाणे आणि नियमानुसार, यात फरक काय?”

“काही नाही साहेब.”

“मग एका ओळीत दोन्ही कशाला?”

मी म्हणालो, “तुम्हीच तसं सांगितलं. मी विचारणार होतो, पण आमदाराला कसं विचारायचं?” ते मनापासून हसले. दुसऱ्या दिवशी मी टाइपरायटर गुंडाळला. कमी लिहिणारा आणि शंका येणारा माणूस त्यांना हवा होता. मी तसा आहे असा त्यांचा समज झाला, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत मोडू दिला नाही.

सभागृहाचे नियम त्यांना तोंडपाठ होते, पण त्यांचा धाक त्यामुळे नव्हता. गोंधळ माजला की बाकीचे ओरडत, हे आवाज खाली आणत. इतका खाली, की पुढच्या बाकावरच्यांनाही गप्प झाल्याशिवाय ऐकू येऊ नये. “आवाज चढला की मुद्दा उतरतो,” असं ते नव्या आमदारांना सांगत. विरोधी बाकावरचं एखादं नवखं पोरगं चुकीच्या नियमाखाली अडकून पडलं, तर हे कागदाच्या कपट्यावर बरोबर नियम लिहून शिपायाच्या हाती पाठवत. त्यावरून पक्षातले चिडत. “साहेब, तुम्ही आमचे का त्यांचे?”

“खुर्चीत असलो तर कुणाचाच नाही. खाली उतरलो की तुमचा.”

खुर्ची म्हणजे अध्यक्षांची. अध्यक्ष उठून गेले की आळीपाळीनं तिथं बसायला चार-पाच ज्येष्ठ सदस्यांची यादी केलेली असते, तिला तालिका म्हणतात. साहेबांचं नाव त्या यादीत वर्षानुवर्षं होतं. मंत्रिपद त्यांना कधी मिळालं नाही. माझ्या मते, त्यांना त्या खुर्चीपुढे मंत्रिपद फिकं वाटत असावं.

शहरात, गारखेड्याच्या घरीही त्यांची सभा भरे. बजाजनगरचे दोन सख्खे भाऊ सामायिक भिंतीवरून एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात आले होते. साहेबांनी टेबलावरची घंटी दाबली. “एका वेळी एकच सदस्य. दहा दहा मिनिटं. मध्ये बोलेल त्याची वेळ जाईल.” थोरल्याचं सहा मिनिटांतच संपलं. धाकटा उठला, घसा साफ केला, आणि म्हणाला, “दादा बोलला त्यात तसं खोटं काय नाय.” भिंत आहे तिथंच राहिली, भाऊ चहा पिऊन एकाच स्कूटरवर गेले. मला मात्र वहिनी म्हणाल्या, “आमच्या घरात मला कधी दहा मिनिटं मिळाली नाहीत हो.”

हे सगळं मी हसत सांगतोय, कारण पुढचं सांगायला मला अजून जीभ रेटत नाही.

लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती ती. इकडं शहर मात्र पसरत चाललं होतं. गारखेड्याच्या कडेला ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले जात होते. असाच एक प्लॉट मीही घेतला होता, गुंठेवारीचा. म्हणजे जागा माझी, पण सरकारच्या कागदावर अजून शेतच. तो कागद सरळ व्हावा म्हणून मी वर्षभर मंत्रालयातल्या एका खात्याचे उंबरे झिजवत होतो. साहेबांना हे सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “माझ्या नावावर तुमची कामं नकोत.”

त्या उन्हाळ्यात बिडकीनच्या पलीकडच्या एका गावातली माणसं आली. पुढं पंचायतीतली एक बाई होती. ती बसलीसुद्धा नाही. “साहेब, शहराच्या पाण्याची लाइन आमच्या बांधावरून जाती. कान लावला का आतून पाणी पळताना ऐकू येतंय. आन् आमी हंडं घिऊन टँकरच्या वाटंवर बसतोय.”

साहेब दुसऱ्याच दिवशी तिथं गेले. लोकांना वाटलं भाषण होईल. हे धोतर सावरत खाली बसले आणि त्या तापलेल्या लोखंडी पाइपाला रुमाल लावून त्यावर कान ठेवला. बराच वेळ तसेच बसून राहिले. उठले तेव्हा कान लाल झाला होता. गाडीत बसल्यावर म्हणाले, “लिहून घ्या. लक्षवेधी.”

लक्षवेधी म्हणजे तातडीच्या प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना. सूचना देणारा उभा राहतो, मंत्री उत्तर देतो, आणि सभागृहात दिलेला शब्द सरकारला मोडता येत नाही. त्या मोठ्या लाइनीला गावासाठी एक फाटा द्यावा, एवढीच मागणी होती. खात्याचं अनुकूल उत्तर तयार आहे, असंही आम्हाला कळलं होतं. फक्त ते सभागृहात वाचलं जायला हवं होतं. सूचना अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी लागली, सातव्या क्रमांकावर.

नेमकी त्याच दुपारी खुर्ची साहेबांकडे आली. खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःची सूचना मांडता येत नाही, त्यासाठी तालिकेतल्या दुसऱ्यानं येऊन खुर्ची घ्यावी लागते. ते एका वयस्कर सदस्यांशी बोलून ठेवलं होतं. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून ते आमदार निवासात आडवे झाले होते. साहेब खुर्चीकडे जाताना मला म्हणाले, “चौथी पुकारली की त्यांना फोन करा आणि घेऊन या. बाकी काही करू नका.”

बाकी काही करू नका, असं ते मला कधीच म्हणत नसत. त्या दिवशी का म्हणाले, कोण जाणे.

पहिलीच सूचना लांबली. मी घड्याळ पाहिलं, हिशेब केला, की सातवीला दीड तास सहज आहे. माझं ते खातं पाच मिनिटांच्या अंतरावर होतं. माझी फाईल ज्याच्याकडे होती तो अधिकारी उद्यापासून रजेवर जाणार होता. मी गेलो. तिथं मला बाकावर बसवलं, चहा पाजला, आणि सही झाली. कागद छातीशी धरून मी परत आलो तेव्हा जिन्यातच आमचा ओळखीचा शिपाई भेटला. त्याचा चेहरा उतरला होता. “कुठं होते तुम्ही? साहेबांनी दोनदा पाठवलं मला तुम्हाला बघायला.”

तिसऱ्या सूचनेचे सदस्य हजर नव्हते, चौथी मंत्र्यांच्या विनंतीवरून पुढं गेली, दुसरी, पाचवी, सहावी झटक्यात उरकली. तालिकेतले बाकीचे कुणी सभागृहात नव्हते, आणि आमचे वयस्कर सदस्य आमदार निवासात कुणाच्या खोलीत आहेत, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. साहेबांना आपली सूचना राखून ठेवता आली असती का? कदाचित. पण तिसऱ्या सूचनेचा तो तरुण सदस्य चहाला गेला होता, आणि त्याची सूचना यांनीच त्या खुर्चीवरून रद्द केली होती. त्याला एक नियम आणि स्वतःला दुसरा, हे त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं.

सभागृहातला प्रत्येक शब्द लिहून ठेवतात. ते पान मी नंतर मिळवलं. त्यात एवढंच आहे:

“तालिका अध्यक्ष : लक्षवेधी क्रमांक सात. सूचना देणारे सन्माननीय सदस्य जागेवर उपस्थित नाहीत.
एक सदस्य : ते तर वरच बसलेत! (हशा)
तालिका अध्यक्ष : सदस्य जागेवर नाहीत. सूचना व्यपगत झाली आहे.”

व्यपगत म्हणजे संपली, गेली. हा शब्द त्यांचा मोठा आवडता. चहा निवला की तो व्यपगत, चप्पल तुटली की ती व्यपगत. त्या दिवसानंतर तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

संध्याकाळी मी त्यांच्यापुढं उभा राहिलो. कागद माझ्या खिशात होता. म्हणालो, “साहेब, जरा पोटात दुखत होतं म्हणून...” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “हरकत नाही.”

मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट पाहत राहिलो. ते आलं नाही.

पुढच्या अधिवेशनापर्यंत पाऊस झाला, आणि पाऊस झाला की टंचाईची फाईल आपोआप ढिगाच्या तळाशी जाते. फाटा काही मिळाला नाही. पण पाऊस पडण्याआधीच साहेब त्या गावात गेले होते, स्वतःहून. मी फाईल धरून मागं उभा. गाव टँकरवर होतं तरी आल्यागेल्यापुढं तांब्या करायची रीत सुटलेली नव्हती. साहेबांनी तांब्याला हात लावून तो परत केला. मला तहान लागली होती. मी प्यालो.

त्याच बाईनं विचारलं, “एवढ्या मोठ्या खुडचीवर तुमीच व्हते, मंग आमच्या गावाचं नाव तुमालाच घेता आलं नाय व्हय?”

“व्हय माय. नाय घेता आलं. चूक माझी हाय.”

बस, एवढंच. वयस्कर सदस्यांचा उल्लेख नाही, फोनचा नाही, पीएचा नाही. मी तिथं चार हातांवर होतो. तोंड उघडायला मला कुठल्या तालिकेची परवानगी लागत नव्हती. मी फाईल या हातातून त्या हातात घेतली.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. खुर्चीच्या लोभानं माणसानं आपल्याच गावांचं पाणी तोडलं, असं लोक बोलू लागले. पुढच्या निवडणुकीत ते पडले. मी आणखी दोन वर्षं त्यांच्याकडे जात राहिलो, आलेली पत्रं वाचून दाखवी. ते कधी त्या दिवसाबद्दल बोलले नाहीत, आणि मी रोज ठरवून जाई की आज सांगायचं. माझ्या पोटदुखीवर त्यांचा विश्वास बसला होता का, हे मला आजही माहीत नाही. मग ते गेले.

तेराव्यानंतर मी वहिनींना भेटायला गेलो. साहेबांची ती घंटी टेबलावरच होती. वहिनींनी चहा ठेवला आणि समोर बसल्या. म्हणाल्या, “एक विचारू का? तुम्ही तिथंच होतात ना त्या दिवशी? हे का नाही उठले खुर्चीवरून? मी त्यांना फार टोचून बोलले हो, शेवटपर्यंत. तुम्हाला नियम मोठा, माणसं नाहीत, असं.”

तेव्हा मी सांगितलं. प्लॉट, सही, चहा, पोटदुखी, सगळं. सांगताना रडलोही. दहा मिनिटं तरी बोललो असेन. वहिनींनी मध्ये एक शब्द काढला नाही.

मग त्या म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? मी तर त्यांना मत दिलंच होतं. गावात जाऊन सांगा. त्या बाईला सांगा.”

“जातो,” मी म्हणालो.

माझं घर त्याच प्लॉटवर आहे. नळाला चार-सहा दिवसांनी पाणी येतं, त्याच लाइनीचं. पाण्याच्या दिवशी मी टाकी भरतो, पिंप भरतो, राहिलेल्या पाण्यानं अंगणातली मोगऱ्याची कुंडी भिजवतो. आज पाणी आलं होतं. ती बाई आता म्हातारी झाली असेल, पण आहे, मी चौकशी केलीय. बिडकीनची बस आमच्या चौकातून दर तासाला सुटते. वहिनींना शब्द दिल्याला तीन वर्षं झाली, अजून मी गेलेलो नाही.