लेशोबोरोच्या शेतातली कीड

घरोघरी गांजा पिकवणाऱ्या त्या डोंगरगावात माथुसोला कुणी जेवायला बोलवत नसे, पण गांजाचं पान पिवळं पडलं की सगळ्यांना तीच आठवायची. खालच्या खोऱ्यात परवाना घेऊन गांजा पिकवणाऱ्या एका कंपनीत तिने पाच वर्षं रोपं तपासली होती. तिथलं एक घडीचं भिंग ती गळ्यात दोरीला बांधून फिरायची. तोंड मात्र जन्मापासूनच तिखट. "ही रोगानं नाही मेली, तुझ्या लाडानं मेली. रोज पाणी कुणी ओतायला सांगितलं होतं?" असं ती भर रस्त्यात ऐकवायची. लोक शिव्या खायचे, सांगितलेलं करायचे आणि मागे वळून थुंकायचे.

तिचं स्वतःचं वैर एकाशीच होतं. मोहापीशी. आठ वर्षांपूर्वी मोरेनाची, म्हणजे गावच्या मुखियाची, गुरं चोरीला गेली. तेव्हा मोहापीने चावडीवर उभं राहून सांगितलं, "पहाटेच्या धुक्यात माथुसोच्या नवऱ्याला गुरं हाकताना मी पाहिलं." नवरा तुरुंगात गेला आणि तिथेच खोकून खोकून मेला. तेव्हापासून मोहापीची सावली दिसली तरी माथुसो रस्ता सोडून दगडधोंड्यांतून जायची.

त्या वर्षी काढणीला पंधरा दिवस उरले असताना लेशोबोरोचं शेत करपलं. ओढ्याकाठचं शेत, पुरुषभर उंचीची झाडं, तुरे भरत आलेले. पानं आधी फिकी पडली, मग तांबूस झाली आणि वाळून गळायला लागली. लेशोबोरोचं आणि बांधाला बांध लागून असलेल्या मोहापीचं पाटाच्या पाण्यावरून भांडण पेटलेलंच होतं. त्यात चार जणांनी मोहापीला पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बांधावर पाहिलेलं. मग आणखी काय हवं? त्याने तणनाशक मारलं, असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी मोहापीच्या घराची एक भिंत दगड मारून पाडली गेली आणि त्याच्या बायकोला विहिरीवरून रिकाम्या घागरीनिशी हाकललं.

लेशोबोरो माथुसोकडे आला तेव्हा घाईत होता. "म्मे माथुसो, माय माझी, उद्या चावडी आहे. तू येऊन बघ आणि सांग, विष आहे म्हणून."

"बघायच्या आधीच सांगू?"

"बघायचं काय त्यात? माणूस कोण आहे ते तुला माहीत आहे. तुझा शब्द पडला की मोरेना त्याला गावाबाहेर काढेल. तुझ्या नवऱ्याचंही फिटेल."

माथुसोला बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं. मोहापी गाढवावर भांडी लादून डोंगर उतरतोय, हे चित्र घेऊनच ती शेतात शिरली.

पण शेत वेगळंच सांगत होतं. झाडांच्या बुडाशी तण हिरवंगार उभं होतं. तणनाशकाने गांजा जळतो आणि तण हसत राहतं, असं कधी होत नाही. मोहापीच्या बांधाकडची झाडं सगळ्यात बरी होती. बांधापलीकडे त्याच्या कोबीवर फवाऱ्याचे डाग आणि मेलेला मावा दिसत होता. जास्त करपली होती ती पलीकडच्या कोपऱ्यातली, पायवाटेजवळची. आणि शेंड्याची नाही, खालची पानं आधी गेली होती. तिने एक पान उलटं केलं. शिरांच्या कडेने बारीक जाळं होतं. पांढरा कागद धरून तिने फांदी टिचकावली. कागदावर धूळ पडली आणि ती धूळ चालायला लागली. भिंगातून बघायची गरजच नव्हती, तरी तिने बघितलं. लाल कोळी, पानांचा रस शोषणारी कीड.

"काय आहे?" लेशोबोरोने विचारलं.

"कोळी. तीन आठवडे झाले असतील लागून. कोरड्या उन्हात वाढला."

"कोळी न् बिळी मला सांगू नकोस!" तो ओरडला. "त्या कुत्र्याला वाचवतेस?"

माथुसो पायवाटेजवळच्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे एक सपाट दगड होता. तीन आठवड्यांपूर्वी लेशोबोरोने एका तुऱ्यात अळी शिरली म्हणून तिला बोलावलं होतं, तेव्हा ती याच दगडावर बसली होती. त्याच सकाळी पलीकडच्या गावात कोळ्याने खाल्लेलं एक शेत बघून ती सरळ इथे आली होती. तेच घोंगडं अंगावर. कंपनीत एका शेडमधून दुसऱ्यात जाताना कपडे बदलायला लावायचे, आणि ती नव्या बायकांना त्यावरून फोडून काढायची. इथे डोंगरात कोण बदलतंय, म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर झाडून सगळा गाव होता. मोहापी एकटाच भिंतीला पाठ लावून उभा होता, कपाळावर दगडाची खोक. माथुसोने पान मोरेनाच्या हातात दिलं आणि भिंग पुढे केलं.

"बघा, मोरेना. यात विष नाही. किडे आहेत. त्यानं फवारलं ते त्याच्या कोबीवरच्या माव्यावर."

गर्दीत गलका झाला. "विकली गेली!" कुणीतरी म्हणालं. एक म्हातारी म्हणाली, "नवऱ्याला मारणाऱ्याचीच बाजू घेते, निर्लज्ज!" मोरेनाने बराच वेळ भिंगातून बघितलं आणि तोंड वाकडं करून पान खाली टाकलं. "चालतायत खरे," तो म्हणाला.

तेवढ्यात मोहापीच बोलला. आभार मानायला नव्हे. "मग हे किडे आले कुठून? घरोघरच्या शेतात शिरते ती एकच बाई आहे. विचारा तिला!"

वाऱ्याने आले म्हटलं असतं तर खपलं असतं. वाऱ्याने येतातही. माथुसो क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या घोंगड्यावरून आले," ती म्हणाली. "मीच आणले. आता तू सांग. त्या दिवशी धुक्यात तू माझ्या नवऱ्याचं तोंड पाहिलंस, की नुसतं घोंगडं?"

मोहापीने ओठ चाटले. "जे पाहिलं ते सांगितलं मी."

"तोंड पाहिलंस का?"

"आज माझ्यावर खटला नाही," तो म्हणाला आणि मोरेनाकडे वळला. "मी जाऊ का?"

मोरेनाने त्याला जाऊ दिलं. माथुसोने मात्र पुढचा हंगाम संपेपर्यंत कुणाच्याही शेतात पाय ठेवायचा नाही, असा हुकूम झाला. लेशोबोरो तिच्या अंगावर धावून गेला, दोघांनी त्याला धरलं म्हणून ती वाचली. त्याला अख्खं शेत उपटून जाळावं लागलं. चावडीवरून घरी जाताना तिच्या पाठीत दोन शेणाचे गोळे बसले. घरी येऊन तिने घोंगडं उकळत्या पाण्यात टाकलं. ते आकसून हातभर झालं, तशी तिथेच बसून ती रडली. घोंगडं नवऱ्याचं होतं.

पुढच्या हंगामात लोक तिच्या कुंपणापाशी पानं टाकून जायला लागले. नाव न सांगता, दगडाखाली दाबून. ती कुंपणावरूनच ओरडायची, "ही भुरी आहे, पांढरी बुरशी, दाटी कमी कर, मूर्खा!" आणि ज्याचं पान असेल तो भिंतीआडून ऐकायचा. लेशोबोरोची बायकोसुद्धा दोनदा आली, नवऱ्याला नकळत.

काढणीच्या तोंडावर माथुसो पाणी घेऊन येत असताना मोहापीच्या शेताशी थांबली. बाहेरूनच दिसत होतं. एका जाड तुऱ्यातून एकच पान वाळून बाहेर लोंबत होतं, बाजूची सगळी हिरवी. मोहापी आत काम करत होता.

"ते पान ओढ," तिने आवाज दिला. "सहज निघालं तर आत बुरशी आहे. आजच्या आज कापून जाळ, नाहीतर पसरेल."

"तुझे किडे घेऊन पुढे चालू लाग," तो म्हणाला.

ती गेली. नंतर चार दिवस धुकं खोऱ्यात बसून राहिलं. मोहापीचे तुरे आतून राखाडी होऊन हातात कुसकरायला लागले, असं तिला विहिरीवर कळलं. ऐकून माथुसो मोठ्याने हसली, सगळ्यांसमोर, आणि घागर डोक्यावर घेऊन घरी गेली.