गुळाच्या काहिलीतनं बांगड्याला

तेरणाकाठच्या सगळ्या भोयांत समुद्रावर बांगडा धरायला जायाची मोहीम आखनारा पयला गडी म्याच. समुद्र म्या आजपातुर बघितला न्हाय, ती गोष्ट निराळी.

तवा निजामाचं राज व्हतं आन आमचं गाव जहागिरीचं. आमी पिढ्यान्पिढ्या गावच्या तळ्यात जाळं टाकून पोट भरनारी मानसं. जहागिरीचा अंमलदार गावातच ऱ्हायचा. जाळ्यात घावलेली पयली मरळ, आन ती बी सगळ्यात जाड, त्याच्या वाड्यावर फुकट पोचवायची, अशी वेठ व्हती. माझ्या बापानं पोचवली, म्या बी पोचवत व्हतो.

एक दिवस सासरा आला. लई दिसांनी आला, आन जाळ्यात मरळ एकच. बायकू म्हनली, "ही आज आपल्या चुलीवर शिजनार." सासऱ्याला न्हाय म्हनायची माझी छाती न्हाय, म्हनून अंमलदाराला न्हाय म्हनलो.

दुसऱ्या दिशी शिपाई आला आन माझं जाळं उचलून चावडीत टाकलं. हुकूम असा, की भोयानं यावं, डोस्क्याचा पटका काढून अंमलदाराच्या पायावर ठिवावा, मग जाळं घिऊन जावं. आन हितनं म्होरं रोज मरळ पायजे. तवर तळ्यात जाळं टाकायचं न्हाय.

म्या म्हनलो, "त्याला म्हनावं, पटका डोस्क्यावर घट्ट बसलाय, उतरत न्हाय." शिपाई वळनावरनं दिसंनासा झाल्यावर म्हनलो, पन मोठ्यानं म्हनलो.

जाळं गेलं म्हंजे पोट गेलं. चार मानसं म्हनली, पटका तर हाय, ठिव आन मोकळा हो. पन बापानं मरता मरता मला दोनच गोष्टी दिल्या व्हत्या, एक जाळं आन एक पटका. एक चावडीत गेली, दुसरी पायावर ठिवली तर माझ्याकडं नुसतं टक्कल उरत व्हतं.

त्याच आठवड्यात बायकूनं बेंबळीच्या बाजारातनं खारा बांगडा आनला. तिथं सुकट इकनारी एक म्हातारी बसायची, आमी सगळे तिला आत्या म्हनायचो. तिचा माल सोलापुरावरनं यायचा. इस्तवावर बांगडा भाजला तसा वास घरभर झाला, आन माझ्या डोस्क्यात उजेड पडला. म्हनलो, "तळं अंमलदाराचं आसंल. समुद्र कुनाचा हाय?"

माझा मेव्हना भाकरी मोडत बसला व्हता. गडी सोलापूरच्या गिरणीत चार म्हैने राबून आलेला, म्हंजे आमच्यात जग बघितलेला. त्यो म्हनला, "दाजी, आपल्या सरकारला समुद्रच न्हाय. सगळा तिकडं इंग्रजाकडं राह्यला."

"मग तर झालंच. ज्या पान्यावर ह्यांचा हुकूम न्हाय, त्या पान्यात म्या जाळं टाकनार."

"आन तिथं जानार कसं?"

"सूर्य बुडतो तिकडं चालायचं. सोलापूर लागंल. तिथनं म्होरं इचारत इचारत."

बायकू म्हनली, "घरातनं तळ्यापातुर इचारत जाता तुमी."

पन मोहीम सुरू झाली. पयलं काम नव्या जाळ्याचं. अंबाडीचं सूत काढलं आन इनायला बसलो कुठं, तर चावडीच्या म्होरच्या लिंबाखाली, अंमलदाराच्या खिडकीसमोर. शिपाई पळत आला.

"जाळ्याला बंदी हाय, ठावं न्हाय व्हय तुला?"

"तळ्यात जाळ्याला बंदी हाय. हे समुद्राचं हाय."

"कुठल्या समुद्राचं?"

"बांगड्याच्या. इचारून या आत, समुद्राबद्दल काय हुकूम हाय का."

शिपाई आत गेला. लई येळानं बाहिर आला, माझ्याकडं न बघता बिडी पेटवली आन दुसरीकडं तोंड करून बसला. त्या दिशी गावानं माझ्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं. जाळ्याचं डोळं म्या इतकं मोठं इनलं व्हतं की त्यातनं कोंबडी गेली असती, पन ते कुनी बघितलं न्हाय.

दुसरं काम शिदोरीचं. भाकऱ्या, शेंगाची चटनी, कांदं. बायकू म्हनली, मीठ किती बांधू? म्या म्हनलो, मीठ कशाला? बांगडा खाराच घावतो. आजपातुर आमच्या गावात कुनी बी बघितलेला बांगडा मधी चिरलेला, चपटा आन खारा. मासा ऱ्हातो खाऱ्या पान्यात, तर अळनी कसा आसंल? पोतं भरायचं आन यायचं. मेव्हन्याला बी पटलं, आन त्यानं तर जग बघितलेलं.

बाजाराच्या दिशी आत्याला सांगितलं. तिच्या हातातलं तागडं खाली आलं.

"आरं भोया, मीठ किनाऱ्यावरच्या बाया लावत्यात. चिरून, धुऊन, थर देऊन. ताजा बांगडा गोल असतो आन चमकतो. बिनमिठाचा आनशील तर सोलापूर यायच्या आत नाक धरून पळशील."

"तू बघितलाय का समुद्र?"

"न्हाय."

"मग?"

"मग काय? माझा दादला तिकडनंच माल आनायचा. तू मासं धरनारा हायेस का मासं खानारा?"

आजूबाजूची बाजारकरी मानसं हासली. म्या म्हनलो, बघू कोन खरं ते. आन परत येताना मेव्हन्याला हळूच सांगितलं, मिठाचं एक गाडगं घी बरुबर, पन बायकूला सांगू नगं.

तिसरं काम नावंचं. आमच्याकडं नाव कुठली? नदीला पूर आला की आमी गुळाच्या काहिलीत बसून पलीकडं जातो. उसाचा रस उकळायची ती मोठी गोल कढई, तीच आमची नाव. गुऱ्हाळवाल्याची काहील उन्हाळ्यात रिकामीच पडलेली. त्याला म्हनलो, समुद्राला न्हेतो, परत आनतो. त्यो म्हनला, गळती लागली तर तुझ्या कातड्यानं बुजवीन. घिऊन आलो.

आता समुद्रावर काहील हाकायची तर सराव पायजे. सराव कुठं करायचा? पानी एकच, तळ्याचं. आन हुकूम जाळ्याला व्हता, काहिलीला न्हवता.

रोज सकाळी आमी काहील तळ्यात लोटायचो. मेव्हना मधी बसायचा, म्या काठीनं रेटायचो. नदीत काहील धारंबरुबर जाती. तळ्यात धार न्हाय, मग ती जाती कुठं, तर जाग्यावर गरगर फिरती. म्या जोर केला की जास्त फिरती. उन्हाळ्याचं तळं, पानी छातीएवढं, खाली गुडघाभर गाळ. काठी खुपसली की गाळ वर. दोनचार दिसांत सगळ्या तळ्याचं बेसन झालं. आन अंमलदाराच्या वाड्यावर प्यायचं पानी त्याच तळ्यातनं जायचं. आमच्या बायका हिरीवरनं भरायच्या.

वाड्यावरनं निरोप आला, काहील काढ. म्या म्हनलो, सरावाला आलोय, जाळं न्हाय, मासा न्हाय, गुन्हा काय? मग एक दिवस अंमलदार सोताच काठावर आला. मागं शिपाई, त्याच्या हातात माझं जाळं. मागं सगळा गाव.

"काय चाललंय?" अंमलदारानं इचारलं.

म्या उभा राहून जवाब द्यायला लागलो, तवर काहील फिरली आन त्याच्याकडं माझी पाठ झाली. जवाब म्या पल्याडच्या काठावरच्या म्हशीला दिला.

"इकडं बघून बोल."

"बघायलोय मालक, पन ही ठरत न्हाय." परत त्वांड आलं, परत गेलं.

"तुला जाळं पायजे का न्हाय?"

"पायजे," म्या लिंबाच्या झाडाला सांगितलं. "पन पटका ठिवनार न्हाय," हे बरुबर त्याच्या समोर आलो तवाच त्वांडातनं निघालं. येळ साधली म्हनून गाव हासला. खरं म्हंजे म्या ते बी झाडालाच सांगनार व्हतो.

मेव्हना मला आवरायला उठला. काहिलीत दोघं एका बाजूला आले की काय व्हतं, हे भोयाच्या पोराला पाळन्यात ठावं असतं. आमी दोघं ते इसरलो. काहील पालथी झाली. म्या गाळात डोस्क्यानं गेलो, वर आलो तवा डोळ्यात गाळ, कानात गाळ, आन डोस्कं हालकं लागलं. हात लावून बघतो तर पटका न्हाय.

पटका सुटून पान्यावर पसरलेला आन लाटंबरुबर चाललेला, सरळ काठाकडं. म्या मागनं धावलो, पन गाळात धावनं म्हंजे सपनात धावनं. शेवट हाताला लागला, तवा दुसरं टोक अंमलदाराच्या जोड्यावर जाऊन बसलं व्हतं.



अंमलदारानं पटक्याकडं बघितलं, तळ्याकडं बघितलं. म्हनला, "पोचला पटका. देऊन टाका ह्याचं जाळं. आन ती काहील आत्ता बाहिर."

म्या टोक वढून घेतलं. "पटका पान्यानं आनलाय मालक, म्या न्हाय. आन मरळ फुकट मिळनार न्हाय."

त्यो तळ्याकडंच बघत व्हता. "मरळ नगं," म्हनला, "पानी निवळू दे." आन गेला.

शिपायानं जाळं माझ्या अंगावर फेकलं. गावानं मला तसंच वल्लंगच्च घरापातुर पोचवलं. म्या अंगनात बसलो, पटका पिळला, डोस्क्याला गुंडाळला आन बायकूला म्हनलो, "बघितलंस? जहागिरीचा अंमलदार नमवला. आता समुद्राचं बघू."

ती जाळं झटकून दोरीवर टाकत व्हती. मागं वळून न बघता म्हनली, "काहिलीनं नमवला. पटका पान्यानं ठिवला. तुमी नुसते भिजला. उठा, काहील घासून ज्याची त्याला दिऊन या, आन येताना आत्याकडनं दोन बांगडं आना, मीठ लावल्यालं."