चाखून पाहिलेलं पिठलं

पाटनचं सासर सोडलं तेव्हा माझ्या केसांत वरण होतं. नवऱ्याने भिरकावलेल्या ताटाची कड कपाळाला लागली होती, भुवईवरून रक्त उतरत होतं. कारण नेहमीचंच, मीठ जास्त पडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "चल, तोंड धू आणि दुसरं ताट वाढ." मी तोंड धुतलं. ताट वाढलं नाही. पोरीला, रेवाला, शाळेच्या गणवेशातच कडेवर घेतलं आणि जबलपूरच्या बसमध्ये बसले. रेवा तेव्हा पहिलीत होती.

हे मी माझ्या धाकट्या जावेसाठी लिहितेय, ती अजून तिथेच आहे. आणि ज्या निघाल्या, आता एका खोलीत गॅससमोर उभ्या आहेत, त्यांच्यासाठीही. अख्ख्या घराचा स्वयंपाक करणारी बाई स्वतःपुरतं रांधायला नवशिकीच असते.

आमच्या सासरी रांधताना चाखायची बंदी होती. आधी देवाचा नैवेद्य, मग पुरुषांची पंगत, मग बायका. त्याआधी जिभेला लागलं की अन्न उष्टं. म्हणजे मीठ अंदाजाने टाकायचं आणि ते बरोबर पडलं की नाही, हे नवऱ्याच्या हातावरून कळायचं. एकदा पळी पाठीवर बसली. एकदा गरम कढी मांडीवर सांडली, म्हणजे सांडवली. जाऊबाई, तुझ्या कोपरावरचा डाग कशाचा आहे ते मला माहीत आहे.

जबलपूरला ओमती मोहल्ल्याच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर खोली घेतली, वर घरमालकीण अम्मा राहायच्या; कपड्याच्या दुकानात काम मिळालं. पहिल्या संध्याकाळी मुगाची खिचडी टाकली. सोपी आहे: तांदळाच्या निम्मी डाळ, हळद, जिऱ्याची फोडणी, भरपूर पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या. मीठ मात्र हाताने टाकलं, आणि माझा हात मोठ्या पातेल्याचा. रेवा घासाघासाला पाणी पीत गुपचूप जेवली. नंतर मी बसले तर घास गिळवेना, इतकं खारट.

"काहून नाही सांगितलं गं?"

"सांगितलं की ताट उडते ना," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पाऊस पडतो म्हणावं तसं म्हणाली. मला तिथेच कळलं, घर सोडून भागत नाही. पोरीच्या पोटात ते घर तसंच बसलं होतं.

त्या दिवसापासून चाखायला लागले. सुरुवातीला चमचा तोंडाशी नेताना मागे वळून बघायची.

मग एक दिवस तो आला, रेवाचा बाप. संध्याकाळची वेळ, मी पिठलं करत होते. नवशिक्यांनी हेच आधी शिकावं. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, मिरची, कांदा. हळद, मीठ आणि पाणी घालून उकळी आणायची. बेसन आधी गार पाण्यात कालवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. धार धरून ओतायचं, ढवळत राहायचं. मी ढवळतच होते.

"पोरीचं सामान बांध," तो दारातून म्हणाला. "तू ये नाहीतर मर, ती माझी आहे. आणि आधी जेवायला वाढ."

मांडी घालून बसला. मी चमचाभर पिठलं घेतलं, फुंकलं आणि तोंडात घातलं.

"काय करून राहिली तू?"

"चाखून राहिले."

"माझ्या आधी?"

उठला, माझे केस धरले आणि तोंड ओट्यावर आपटलं. दात ओठात घुसला. कढईला लाथ बसली, पिठलं भिंतीवर आणि माझ्या पावलांवर. मग त्याने रेवाचा दंड पकडून तिला दाराकडे ओढलं. तिने डोळे मिटून घेतले, तेवढंच.

माझ्या हातात सांडशी होती, लोखंडी. मी त्याच्या मनगटावर मारली. त्याने सोडलं नाही. पुन्हा मारली, सगळा जीव लावून. हाड वाजलं आणि दंड सुटला. वरून घरमालकीण अम्मा कपडे बडवायची मोगरी घेऊन उतरल्या होत्या. दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "भैया, सीढ़ी खुद उतरोगे, कि हम उतार दें?"

"बाई आहे का डाकीण!" तो मला म्हणाला. अम्मांनी मोगरी खांद्यावर घेतली. तो मनगट छातीशी धरून उतरला.

पुढे पोलीस, कोर्ट, सगळं झालं. ते कंटाळवाणं आहे. पोर माझ्याकडे राहिली, एवढं पुरे.

त्या संध्याकाळी पायांवर गार पाणी ओतलं आणि पुन्हा बेसन कालवलं. अम्मा म्हणाल्या, "अब कौन खाएगा?" मी म्हटलं, "आम्ही." ओठ सुजलेला, भात नुसता कुस्करून गिळत होते, पण पिठलं वाफाळत होतं. लग्नानंतर गरम अन्न मी पहिल्यांदा तेव्हा खाल्लं; जबलपूरलाही तोवर सवयीने रेवाचं झाल्यावर उरलेलं गारच जेवायची. रेवाने दोन घास खाल्ले, माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आई, तिखट झालंय."

मी तिला दही वाढलं.

लोक विचारतात, पाटनची आठवण येते का, घर शेवटी घर असतं. मी म्हणते, घर त्या दह्यापासून सुरू झालं. जाऊबाई, खोली लहान आहे, पण ओट्यापाशी दोघी उभ्या राहतील एवढी जागा आहे.