चौथीच्या चिठ्ठ्या

सुतक संपल्यावर तिसऱ्या दिवशी त्रिशला चौगुले शाळेत परत रुजू झाल्या. सदलग्याजवळच्या मराठी शाळेत सतरा वर्षं त्या चौथीला शिकवत होत्या. नवरा विनय पंधरवड्यापूर्वी सकाळी मळ्यात गेला आणि छातीत कळ येऊन तिथंच वारला. त्या रडल्या नाहीत. माणसं म्हणाली, धीराची बाई. धीर वगैरे काही नव्हता. आत सगळं बधिर झालं होतं.

वर्गात फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दोन वाक्यांत आवाज संपला. अठरा पोरं बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग त्यांनी वहीची पानं फाडली, अठरा चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकाला वेगळं काम लिहिलं आणि खाली सतरंजीवर एकेकाजवळ जाऊन बसू लागल्या. हळू बोललं तरी चालत होतं.

रचनाला क्षेत्रफळ काही केल्या समजत नव्हतं. तिची आई शालूबाई विड्या वळायची.

"तुला काय येतंय?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"पानं कापाय येत्यात."

त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं : एका पानातून विडीचे किती तुकडे निघतात, बघून ये.

रचना दुसऱ्या दिवशी पानं आणि कापायचा पत्र्याचा तुकडा घेऊनच आली. "बाई, मोठ्या पानात चार बसत्यात, बारक्यात दोन. पर जाड शीर आडवी आली की एक कमी हुतो."

"मग पान मोठं म्हंजे काय?"

रचनानं पत्रा पानावर ठेवून बघितला. "ज्यात पत्रा जास्त वेळा बसतोय ते."

त्रिशलाबाईंनी मान हलवली. पूर्वी असं उत्तर आलं असतं तर त्या साऱ्या शाळेला सांगत सुटल्या असत्या. आता त्यांनी टाचणवहीत 'समजले' एवढंच लिहिलं आणि पुढच्या मुलाकडे सरकल्या.

फेब्रुवारीत तपासणीला आलेले साहेब चिठ्ठ्या बघत बराच वेळ थांबले. "विद्यार्थिकेंद्री अध्यापन! कुठल्या ट्रेनिंगला शिकला हे?"

"कुठंच न्हाय. मला उभं राहून बोलवत न्हवतं, म्हणून."

साहेब हसले. नम्रपणा समजले असावेत.

निपाणीच्या कार्यशाळेत साहेबांनी त्रिशलाबाईंना साठ शिक्षकांपुढं उभं केलं. त्या म्हणाल्या, "त्याला काय येतंय ते अगोदर विचारायचं. धडा तिथनं सुरू करायचा." आणि बसल्या. टाळ्या वाजल्या. शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तशा त्यांना त्या ऐकू आल्या.

मागून एका वयस्क शिक्षकांनी विचारलं, "अठरा पोरांना वेळ पुरतोय व्हय, आक्का?"

"न्हाय पुरत. चारपाच राहत्यात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापास्नं सुरू करायचं."

त्या शिक्षकांनी ते लिहून घेतलं. दिवसभरात एवढंच कुणीतरी खरं विचारलं, असं त्रिशलाबाईंना वाटलं.

रचना पाचवीला गेली. वार्षिक परीक्षेत आयताचं एक गणित तिचं चुकलं, एक बरोबर आलं. जूनमध्ये नवी चौथी आली, चौदा पोरं. आता आवाज थोडा टिकत होता, पण फळ्यासमोर जावंसं वाटेना. त्या पहिल्या मुलीजवळ सतरंजीवर बसल्या.

"नाव काय गं?"

"कांता."

"काय येतंय तुला?"

पोरगी लाजली. "म्हशीची धार काढाय येतीया."

त्रिशलाबाईंनी नवी वही उघडली आणि तिच्या नावापुढं ते तसंच्या तसं लिहिलं.