ओल्या हाताचे तीळ

उणकलच्या बेकरीत माझ्या नातीनं विचारलं, "बर्गरच्या पावावर तीळ कशाला हो?"

बेकरीवाला म्हणाला, "शोभेला, अन् भाजल्यावर वास सुटतो म्हणून. वरून पाण्याचा हात फिरवला की चिकटतात."

ओल्याला तीळ चिकटतातच. इथल्याच तळ्यावर माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या दहाव्याला भटजींनी माझ्या ओंजळीत पाणी आणि काळे तीळ दिले. पाणी सोडलं, पण थोडे तीळ तळहातावरच राहिले. मी बारा वर्षांचा, सकाळपासून उपाशी होतो. हात चाटला.

माझ्या थोरल्या अक्कानं ते पाहिलं. हळूच म्हणाली, "ते अप्पांचे होते रे."

पुन्हा तिनं कधी विषय काढला नाही. अप्पांचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. त्या तिळांची कडसर चव मात्र आठवते.